बारा जागा

कादरभाई घोटीहून पहिल्या गाडीने आले होते आणि दोन तास गेटवर बसून होते. आता ते प्रयोगशाळेत संजना गांगुर्डेच्या टेबलासमोर होते. पुढ्यातला चहा त्यांनी तसाच निवू दिला होता.

"ताई, ते जंतू इथून आले की माझ्या सुरीवरून, तेवढं सांगा."

संजना दमली होती. वय चौपन्न, गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेले, त्यात सकाळपासून साहेबांचे तीन फोन. माणूस आलाय, वही दाखवा आणि वाटेला लावा. वाटेला लावा म्हणे! दोन महिन्यांपूर्वी या माणसाच्या सुनेचं, माहेनूरचं, सातव्या महिन्यातलं मूल पोटातच गेलं होतं. तिच्या रक्तात जो जंतू निघाला तोच घरच्या फ्रिजमधल्या चिकन सलामीत निघाला. सलामी कादरभाईंनीच आपल्या दुकानातून घरी नेली होती. सुनेला आवडते म्हणून.

ती सलामी अंबडच्या याच कारखान्यात बनली होती. संजनाने त्यांना समजावून सांगितलं. मांस शिजताना जंतू मरतात. भीती असते ती नंतर, काप पाडताना. मशीनच्या सांधीत जंतू दडला की तो कापांना लागतो आणि मग फ्रिजच्या थंडीतही वाढत राहतो. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी ती रोज बारा ठरलेल्या जागांवरून कापसाची काडी फिरवायची आणि तपासायची. त्या जागांवर निळ्या रंगाने आकडे टाकलेले होते. निम्म्या जागा मशीनच्या पोटाखाली. गुडघे टेकल्याशिवाय हात पोचायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी सात नंबर खराब निघाला होता. नियमाप्रमाणे पुढचे आठ दिवस बाराही जागा तीन-तीनदा घ्याव्या लागल्या. शेवटच्या दिवशी ती जिन्यात बसून रडली. मशीन धुणाऱ्या लहानूने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यासाठी प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवायला लागला. हरसूलकडचा माणूस, बोलणं कमी. पण या एवढ्या कारखान्यात 'गुडघे कसे आहेत' असं विचारणारा तो एकटाच.

तिने वही उघडून कादरभाईंकडे सरकवली. ते बोट ठेवून ठेवून पानं उलटत गेले. प्रत्येक ओळीत तेच लिहिलेलं होतं, जंतू नाही.

"दोन वर्षांत एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

कादरभाई मोठं पाकीट फोडून गिऱ्हाइकाला शंभर ग्रॅम, पाव किलो असं सुटं द्यायचे. सुरी त्यांची, फळीही त्यांचीच. खोटं बोलावंसं संजनाला फार वाटलं. पण ही वही म्हणजे तिची दोन वर्षांची सकाळ होती, आणि वहीत जे होतं ते होतं.

"म्हणजे माझ्याच हातून झालं," ते म्हणाले. घरात सुनेसमोर बसवत नाही, दुकान तर आता उघडणारच नाही, असंही हळू आवाजात बोलले. मग उठले. "तुम्ही खरं सांगितलंत. शुक्रिया."

ते गेटबाहेर जाईपर्यंत ती खिडकीत उभी राहिली. मग जिना उतरून खाली आली आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसली. लहानू पाइप गुंडाळत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, कारण आणखी कुणाला सांगणार?

"वही एवढी चांगली नसती तर बरं झालं असतं, लहानू. त्या माणसाला निदान वाटलं असतं की दुसऱ्या कुणाचं तरी चुकलं."

लहानूने तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. ताईंचा उतरलेला चेहरा त्याला बघवला नाही. इतके दिवस मनात ठेवलेलं त्याने तिला बरं वाटावं म्हणून सांगून टाकलं.

"वही खराब कशी व्हईल, ताई? त्या जिन्यात तुमी रडल्या ना, तवापासून रोज तुमी यायच्या आधी मी त्या बारा आकड्यांवर स्पिरिटचा बोळा फिरवतो. बाकीचं मशीन राहिलं तर राहू दे, पण त्या बारा जागा मी एक दिवस सोडल्या नाय."