दुसरी शीळ

बर्गेनच्या आमच्या नाट्यगृहात शिव्या चालतात, शीळ चालत नाही. पूर्वी पडद्यांचे दोर खलाशी ओढायचे, आणि शीळ हाच त्यांचा इशारा असायचा. एक वाजली की खाली, दोन वाजल्या की वर. खलाशी गेले, दोर गुंडाळणारे मोटरवरचे रहाट आले, पण नियम राहिला.

त्या सकाळी लाकडी चंद्राचे दोन रहाट काही केल्या जुळेनात. डावा बोटभर मागे पडायचा आणि यंत्रणा दोन्ही थांबवायची. संध्याकाळी त्याच चंद्रावर बसून सुन्निव्हाला गायचं होतं.

"पडले तर आईला तूच कळव हं, म्हाताऱ्या," ती म्हणाली.

"रिकामा चंद्र सरळ खाली आल्याशिवाय तुला बसूच देणार नाही, बाई."

खाली, रंगमंचाच्या कडेला यंत्रावर बसलेल्या टॉरस्टाइननं वैतागून लाल बटण दाबलं, रहाटांची वीज तोडली आणि मला चिडवायला लांब शीळ घातली.

"गाढवा!" मी ओरडलो.

चंद्र खाली येऊ लागला. समतोल पाहायला मी त्यावर पेला ठेवला होता; त्यातलं पाणी हललंही नाही.

"कसं केलंस रे?"

टॉरस्टाइननं दोन्ही रिकामे हात दाखवले.

चंद्र सुन्निव्हाच्या गुडघ्यांशी थांबला. "आला की सरळ!" म्हणत ती टेकली.

तेवढ्यात वर रहाटांपाशी शीळ वाजली. तिथल्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती.

"उतर!" मी हात पुढे केला.

"थांब ना," ती वर पाहत म्हणाली. "दुसरी वाजते का बघू."