वाढत्या अंगाचं

सायकलच्या हँडलवरच्या खुर्चीत बसवल्याबरोबर सृष्टी एका अंगाला घसरली आणि लोखंडी कड्यावर हनुवटी टेकवून हसायला लागली. विजयकुमारनं तिला उचलून मधोमध बसवलं. ती दुसऱ्या अंगाला गेली.

"हिच्यात तर आजीबी बसंल," तो म्हणाला. पण हसला नाही.

शिरड शहापूरला रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये विजयकुमार ज्याच्या त्याच्या अंगाच्या मापानं सायकली बनवायचा. नळ्या कापण्यापासून रंगापर्यंत सगळं हातानं. ही सायकल शितलची, सृष्टीच्या आईची. तिचं माप त्याच्या बायकोनं घेतलं होतं. साडीवर चढता यावं म्हणून मधली नळी खाली वाकवलेली, पदर अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी. हँडल मुद्दाम रुंद, म्हणजे शितलच्या दोन्ही हातांच्या मधे, तिच्या डोळ्यांपुढे, लेकराची खुर्ची. शितल नुकतीच एक चक्कर मारून आली होती. सायकल तिच्यासाठीच जन्मल्यासारखी चालत होती.

खुर्ची तेवढी मोठी झाली होती.

"तुमी पोरगी पाहिली होती ना, दादा?" शितल म्हणाली.

"पाहिली की. पण कापड हातात आल्यावर डोळ्यावर कोण भरोसा ठेवतं?" विजयकुमारनं खुंटीवरचं पिवळं झबलं काढलं. "ह्याच्यावर कडं वाकवलं. बराबर ह्याच्यावर."

माप घ्यायच्या दिवशी तो टेप घेऊन लेकराजवळ गेला होता, तेव्हा शितलच्या सासूनं, सोजराबाईनं, त्याचा हात धरला होता. लेकराचं माप घेत नसतात. घेतलं की लेकरू तेवढंच राहतं. मग झबलं तिनंच घरून पाठवलं होतं.

विजयकुमारनं झबलं दोन्ही हातांनी ताणून धरलं. त्याच्याआड सृष्टी सगळीच्या सगळी झाकली गेली.

"झबलंच खोटं निघालं, आजी."

"खोटं काहून?" बाजूला उभी असलेली सोजराबाई म्हणाली. "वाढत्या अंगाचं शिवलंय. दोन वर्षं तरी जायला पाहिजे का न्हाई? लेकराला कुणी अंगाबरोबर शिवतं का?"

शितलनं सासूकडं पाहिलं. "आत्या, तुमाला म्हाईत होतं."

"मला काय म्हाईत? झबलं मागितलं, झबलं दिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शितलला फाट्यावरच्या हळदीच्या कारखान्यात कामाला लागायचं होतं. तिथं बायांच्या लेकरांसाठी एक खोली होती. तेवढ्या सकाळी ऑटो भरत नाहीत, भरल्याशिवाय निघत नाहीत. सृष्टी अजून अंगावर पीत होती. बाटली तोंडाला लावली की मान फिरवायची.

"कडं कापून लहान करतो," विजयकुमार म्हणाला. "वाकवायचं, जोडायचं, रंग वाळायचा. चार दिवस द्या."

"चार दिवस कारखानेवाले थांबत न्हाईत, दादा. वाट पाहून राहिलेल्या बाया लई हायेत."

"मग राहू दे पोरगी माझ्यापाशी," सोजराबाई म्हणाली. "मी हाय की. रडंल दोन दिवस, मग पीईल बाटलीनं."

सृष्टी शितलच्या पदराला झोंबायला लागली होती. तिनं लेकराला घेतलं, भिंतीकडं तोंड करून स्टुलावर बसली आणि पदर ओढून घेतला. विजयकुमारनं पाठ फिरवली. हँडलवरची खुर्ची एका हातानं दाबून धरली, दुसऱ्या हातानं करवत कड्यावर टेकवली. एकदा ओढली. रंग निघाला, खालचं लोखंड पांढरं दिसलं.

पदराखालून लेकराच्या घोट घेण्याचा आवाज येत होता. एक पाय बाहेर आला होता आणि आपल्याच तालात हलत होता. शितलनं पदराचं टोक डोळ्याला लावलं होतं. सोजराबाई त्या पायाकडं बघत राहिली.

"थांब रे," ती म्हणाली. "कापू नको."

येताना सृष्टीला तिनंच आणलं होतं. जुन्या लुगड्याची झोळी खांद्यावरून बांधून, कंबर एका अंगाला काढून, कडेवर. ती झोळी तिनं सोडली. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड. लेकराचं पिणं होईपर्यंत ते हातात धरून उभी राहिली. मग सृष्टीला पुन्हा खुर्चीत बसवायला लावलं.

तिनं लेकराच्या आणि कड्याच्या मधे हात घातला. डाव्या बाजूला चार बोटं गेली. उजवीकडं तीन. पुढं अख्खी मूठ.

"आजी, माप घेऊन राहिल्या काय?"

"लेकराचं कुठं? रिकाम्या जागेचं."

लुगड्याच्या घड्या घालून तिनं त्या जागेत ठासल्या. डावीकडं जाड, उजवीकडं जरा कमी. पुढची मूठ भरून काढली. उरलेली दोन टोकं कड्याला गाठ मारून बांधली. सायकल धरून गदागदा हलवली. सृष्टी हलली, पण कलली नाही. तिनं लुगड्याचा काठ तोंडात घातला.

"पोरगी वाढंल तशी एक-एक घडी काढायची," सोजराबाई सुनेला म्हणाली. "समदी एकदम काढू नको."

शितलनं मान हलवली. डोळे पुसले, पायडलवर पाय ठेवला. शेडसमोरच्या खड्ड्यातून सायकल उतरली, वर चढली आणि रस्त्याला लागली. दोन हातांच्या मधे सृष्टीचं टाळकं ताठ होतं.

विजयकुमारनं करवत खुंटीला अडकवली. स्टूल उचलून सोजराबाईजवळ आणून ठेवलं. ती बसली नाही. सायकल वळणापाशी दिसेनाशी झाली, तरी ती दारातच उभी होती. कडेवर लेकरू असल्यासारखी तिची कंबर अजून एका अंगाला काढलेली होती.