सात माणसं, एक बाथरूम

दोन वर्षांनी हेमंत सांगलीला आला, तोही स्वतःच्या वाढदिवसाला, न कळवता. दार उघडून त्याची आई, नलिनीताई म्हणाल्या, "ये, बस. मालिका चालू आहे."

'सात माणसं, एक बाथरूम' ही विनोदी मालिका एकोणीस वर्षं चालू होती. मालिकेची कंपनी पैसे घेऊन प्रेक्षकाच्या घरचं माणूस त्याच्या टीव्हीवरच्या मालिकेत घालून द्यायची; वडील गेल्यावर हेमंतनेच तिला आपला फोटो आणि आवाज पाठवला होता. तेव्हापासून आईच्या टीव्हीवर त्या कुटुंबात आठवा माणूस आला, हेमंत. आईला करमेल आणि आपली रोजच्या फोनची कटकट सुटेल, असं त्याला वाटलं होतं.

पडद्यावरचा हेमंत बाथरूमचं दार बडवत होता. मध्येच तो वळला. "आई, गुडघा कसा आहे गं आज?"

"बरा आहे रे," नलिनीताई म्हणाल्या.

सोफ्यावरच्या हेमंतला गुडघ्याचं ठाऊकच नव्हतं.

त्या आतून ओवाळायचं ताट घेऊन आल्या. हेमंतला एकदम भरून आलं. डोक्यावर रुमाल घेऊन तो ताठ बसला.

"जरा सरक, मध्ये येतोयस."

त्यांनी टीव्हीच्या काचेला कुंकू लावलं. तिथे मागच्या वर्षीचा पुसट लाल डाग होताच. पडद्यावरच्या हेमंतने बरोबर त्याच जागी कपाळ आणलं.

"आई, अगं मी इथे आहे!"

"कळतंय मला," निरांजन ओवाळत त्या म्हणाल्या. "पण तुझ्या जागी याला तूच पाठवलंस ना? तू उद्या जाशील. हा उद्या साडेसातला येणार आहे."