ओटीचे तांदूळ

मेघनाच्या घरातली धान्याची पाखरं शेवटी एकदाची गेली. पण ते सोडा. ती अजून आहेत असं धरून चालू.

तर सकाळी दौलतमामांच्या चहात एक पडलं.

"मेघना, च्यायत पाखरू पडला गो."

"द्या मामा, दुसरा करते."

हे मेघनाच्या नवऱ्याचे, धनेशचे मामा. कणकवलीकडच्या ग्रामपंचायतीतून कारकून म्हणून निवृत्त. दिवाळीत काळाचौकीला कवळी बसवायला आले. कवळी बसली, मग मामाही बसले. खोलीतल्या एकुलत्या एका खाटेवर. तिथे एरवी मेघनाची लेक श्रेया अभ्यास करायची. पुढच्या महिन्यात तिची बारावीची परीक्षा. आता ती पुस्तकं घेऊन जिन्यात बसते आणि मामा मोबाइलवर मोठ्याने दशावतार बघतात. त्यांना 'जा' कोण म्हणणार? धनेश तर नाहीच. त्याचं लग्नसुद्धा मामांनीच उभं राहून लावलेलं.

म्हणून धनेशने सगळा राग पाखरांवर काढला. तांदूळ गॅलरीत उन्हात घातले. डब्यांत कडुलिंबाचा पाला कोंबला. फळ्या घासल्या. जाळी धरलेलं पीठ फेकलं. फ्रिजर डाळींनी भरला, त्यात श्रेयाची कुल्फी गेली. पाखरं ट्यूबलाइटभोवती निवांत फिरत राहिली.

"येतात कुठून पण ही?"

"जुनी चाळ आहे," मेघना म्हणाली आणि खाली जाऊन पावशेर रवा घेऊन आली.

"आता हा कशाला?"

"लागतो."

त्या आठवड्यात उपमा काही झाला नाही.

मग धनेश खाटेखाली शिरला. भिंतीलगत एक स्टीलचा डबा निघाला. वर नाव कोरलेलं: सौ. कमला राजाराम.

"हा तळमजल्यावरच्या कमलाबाईंचा ना?"

"अहो, ओटीचे तांदूळ आहेत त्यात. हात लावू नका."

"ऊन तरी देतो."

"ओटीच्या तांदळाला? मामा, तुम्हीच सांगा यांना."

"मगे डबो तरी त्यांका परत कर," मामा म्हणाले.

"रिकामा कसा परत करू, मामा?"

हे मामांना पटलं. रीत ती रीत. डबा होता तिथे गेला.

शनिवारी कवळीच्या पेल्यात पाखरू तरंगताना दिसलं. मामा फार रागावले की सरकारी मराठीत शिरत. "सदर खोली मानवी वास्तव्यास अयोग्य आहे," असं म्हणून त्यांनी बॅग भरली आणि वडाळ्याच्या भाच्याकडे निघून गेले. धनेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. श्रेयाने खाटेवर पुस्तकं पसरली.

दुपारी मेघनाने खाटेखालचा डबा काढला, झाकण घट्ट दाबलं आणि वरच्या मजल्यावर राधाबाईंचं दार वाजवलं. आत त्यांच्या जावयाचा भाऊ लोळत मॅच बघत होता. आठ दिवसांसाठी आलेला, गणपतीपासून.

"काकी, त्याच्या गादीजवळ ठेवा," मेघना हळूच म्हणाली. "झाकण सैल. आठवड्याला मूठभर रवा घालत जा, नाहीतर मरतात बिचारी."

"आणि कोणी विचारलं तर?"

"ओटीचे तांदूळ. मला कमलाबाईंनी हेच सांगितलेलं. आणि परत देताना रिकामा नका देऊ."

फोन वाजला. मामांचा मेसेज होता.

"सदर पाखरांचा कायमस्वरूपी बंदोबस्त झाल्याचे लेखी कळवावे, जेणेकरून मला आपल्याकडे पुनश्च वास्तव्यास येता येईल, ही नम्र विनंती."