शाईनं लिहिलेलं नाव

लेकीनं, शामलानं, आणलेली कागदी पट्टी अण्णामास्तरांनी चष्मा लावून उजेडात धरली. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती रक्तातली प्रथिनं विजेनं वेगळी करी. निरोगी रक्ताच्या पट्टीवर पाच रेघा उमटत. अण्णांनी हौसेनं दिलेल्या रक्तानं सहावी उमटवली, जाड, गडद. प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, "हाडांचा आजार. फार दिवस नाहीत." तुळजापूरला घरी येताना तिनं ती पट्टी ट्रंकेत दडवली आणि स्वतःच्या रक्ताच्या पट्टीवरचं नाव पुसून अण्णांचं घातलं. "पाच!" अण्णा खुलले. "उद्या वर्गात पोरांना दाखवतो." मग त्यांचं बोट नावावर थांबलं. "हे शाईनं कसं? ओल्या पट्टीवर शाई पसरते, नाव पेन्सिलीनंच घालतात, असं तूच पत्रात लिहिलं होतंस." तिची नजर ट्रंकेकडे गेली. अण्णांनी तिला शेजारी बसवलं. "भिऊ नको, पोरी. माझी पट्टी काढ. आपण दोघं मिळून मोजू."