डेबिटचा रकाना

“पिशोरला किती गेले, तेवढंच सांग.”

आप्पासाहेबांनी लॅपटॉप बायकोकडे वळवला. पडद्यावर लाल आकड्यांची रांग लागली होती. सुलेखाच्या मांडीवर कुणाची तरी साडी होती, निम्मा फॉल लागलेली. तिने टाका पुरा केला.

“पिशोरला कशाला जातील?”

“तुझ्या भावानं तिथं गिरणी टाकली. कचरूकडं एवढा पैसा आला कुठनं?”

उद्या प्रेरणाच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती, एक लाख दहा हजार. पोरगी कागदांच्या झेरॉक्स काढायला गारखेड्याच्या चौकात गेली होती. जाताना तिने घरच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर बापाला उघडून दिलं होतं. तिच्या कॉलेजसाठी सोळा वर्षांपूर्वी दोघांच्या नावाने एक बचत खातं काढलेलं. बँकेने त्याचा सगळा उतारा ईमेलवर पाठवला होता. तो फक्त आत ओढून घ्यायचा. सॉफ्टवेअरने एकच प्रश्न विचारला : पैसे आले ते कोणत्या रकान्यात?

आप्पासाहेब जालना रोडवरच्या एका बियाण्यांच्या दुकानात तीस वर्षं हिशोब लिहीत होते. वहीत एखादी चुकीची नोंद राहिली, तर ती सुधारेपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. हे घरालाच काय, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांनी पापणी न लवता ‘डेबिट’वर बोट ठेवलं. तपशिलाचा रकाना घेतलाच नाही. आकडा खरा असला की त्याला तपशील लागत नाही, असं त्यांचं मत होतं.

आणि मग हे निघालं. सोळा वर्षं, दर महिन्याला पैसे काढलेले. आधी हजार, मग बाराशे, मग दीड हजार, असं चढत चढत आता चार. चोराची हिंमतसुद्धा अशीच पायरीपायरीने वाढते. वर दर तीन महिन्यांनी बँकही काहीतरी कापून घेत होती. भरणा म्हणाल तर सोळा वर्षांत फक्त सातदा, हिरव्या आकड्यांत, पण कसा घसघशीत! नोव्हेंबर २०१२, चाळीस हजार. दिवाळीचा महिना, म्हणजे आपला बोनस. मे २०१७, साठ हजार. पगाराचा फरक मिळाला असणार. आपण एवढे टाकले होते हे आप्पासाहेबांनाही आठवत नव्हतं. चांगल्या कामाची नोंद माणूस कुठं ठेवतो, असं मनात येऊन त्यांना स्वतःबद्दल जरा भरून आलं.

“मी भरत गेलो, तू उपसत गेलीस,” ते म्हणाले. “सकाळी पोरीसमोर पासबुक मागितलं तर म्हणालीस, हरवलं. आता कळलं कसं हरवलं ते.”

सुलेखा उठली. चष्मा लावून पडद्याच्या तळाशी वाकली.

“हे खाली काय लिहिलंय?”

“शिल्लक.”

“आन् तिच्या आधी आडवी रेघ कशाची?”

“उणे. उणे दोन लाख शहाऐंशी हजार.”

“म्हंजे नसलेले पैसे बँकेनं आपल्याला दिले व्हय? बचत खात्यावर? लई भली बँक हाय.” तिने चष्मा काढला. “तुम्ही हिशोबातले. मला नाय कळत.”

आप्पासाहेबांना कळलं. आधी कानांच्या पाळ्या तापल्या, मग डोक्यात शिरलं. दुकानाच्या वहीत, बँकेत भरलेला पैसा डेबिटला पडतो. पण हा उतारा बँकेचा होता, आणि बँक तिच्या बाजूने लिहिते : भरलं ते क्रेडिट, काढलं ते डेबिट. हिशोबातलं काही न कळणाऱ्या माणसाने तो बरोबर ओढला असता. त्यांनी रकाने बदलले आणि बटण दाबलं.

लाल रांग हिरवी झाली. दर महिन्याला भरणा. त्यांनी एकदा सुलेखाच्या हातातल्या साडीकडे पाहिलं. आडवी रेघ गेली. दोन लाख शहाऐंशी हजार शाबूत होते. फी सुटत होती.

आणि सात हिरव्या नोंदी लाल झाल्या. चाळीस हजार : त्या दिवाळीला घेतलेली मोटारसायकल. साठ हजार : करमाडच्या भाचीचं लग्न, आणि मामाने मांडवात चारचौघांदेखत केलेला आहेर. दर वेळी ते म्हणाले होते, पुढच्या महिन्यात टाकतो. त्यांनी बोट लावून पाहिलं. प्रत्येक लाल नोंदीनंतर सुलेखाचा आकडा थोडा वाढला होता. सातही ठिकाणी.

सुलेखाने शिलाई मशीनच्या खणातून पासबुक काढून त्यांच्यापुढे धरलं. मागच्या महिन्यापर्यंत छापून आणलेलं होतं.

“तुम्ही पोरीपुढं मागितलं,” ती एवढंच म्हणाली.

जिन्यात चपला वाजल्या. पासबुक परत खणात गेलं. प्रेरणा झेरॉक्सचा गठ्ठा छातीशी धरून आत आली. उद्या पप्पा सोबत येणार, हे ती आठवडाभर मैत्रिणींना सांगत होती.

“झालं ना पप्पा? सोपंय ते.” ती पडद्यावर वाकली, आणि तिचं बोट थांबलं. “हे एवढे कुणी काढले?”

आप्पासाहेबांनी घसा खाकरला.

“मी,” सुलेखा म्हणाली. “कचरूमामाला. लागतील तसे दिले.”

“माझ्या कॉलेजचे?”

सुलेखा सुईत दोरा ओवत होती, आणि तो ओवला जात नव्हता. प्रेरणा आईकडे बघत राहिली; मग झेरॉक्सचा गठ्ठा तिने बापाच्या हातात दिला.

आप्पासाहेबांनी तो नीट पिशवीत ठेवला. लॅपटॉप मिटला.

“चल,” ते सुलेखाला म्हणाले, “जेवायला वाढ.”