पाहुणीची तपासणी

"सांगून कुणाला पटायचं नाही मॅडम, पण पाहुणा आला की आमच्या विहिरीचं पाणी काठापर्यंत येऊन डोकावतं," गणूतात्या म्हणाले.

तपासणीला आलेल्या बाईंनी तात्यांच्या मनगटावर खोटं पकडणारं यंत्र बांधलं होतं. संकटात वर्षभर आपल्या बळावर तगेल ते गाव राहणार, बाकीची सरकार उद्याच उठवणार. तात्यांना याच मातीत मरायचं होतं. हयात थापा मारण्यात गेलेली, त्यामुळे त्यांची नाडी जराही ढळली नाही आणि यंत्राचा दिवा हिरवाच राहिला. चावडीपुढं जमलेल्या गावानं सुटकेचा निःश्वास सोडला.

बाईंनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"तात्या, यंत्र फसलं. पण सकाळपासून मी इथं उन्हात बसलेय, आणि अजून एकानंही मला पाणी विचारलं नाही."